मदत हवी आहे: जर्सी सिटीत तळघरातलं घर घ्यावं का?
नमस्कार मंडळी. जर्सी सिटीत एका जुन्या विटांच्या घराचं तळघर भाड्याने मिळतंय. भाडं परवडतंय, पण न्हाणीघराच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला पाण्याची पुसट रेघ दिसली. मालक म्हणाले, ‘आयडा’ चक्रीवादळाच्या पुराची. २०२१ मध्ये ते वादळ लुइझियानात धडकलं, तीन दिवसांनी नुसते अवशेष इकडे आले, तरी शेजारच्या न्यू यॉर्कमधल्या सेंट्रल पार्कात तासाभरात ८० मिलिमीटर पाऊस! इथे पावसाचं पाणी आणि मैला एकाच जुन्या गटारातून जातो. ते भरलं की मोरीतून उलटं वर येतं. उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह कुणी बसवलाय का? रस्त्यावरून पायऱ्या उतरून येणाऱ्या पाण्याचं काय करता? आणि भाडेकरूने पुराचा वेगळा विमा कसा काढायचा? शनिवारपर्यंत मालकांना कळवायचंय.