मदत हवी आहे : निसटणारे कण कसे सापडतील?

सप्रेम नमस्कार. फोंड्यातील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी मी मराठीतून व्याख्यान तयार करीत आहे. जिनिव्हाजवळच्या 27 किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रातील टकरींची संख्या त्याच्या नियोजित सुधारणेनंतर खूप वाढेल आणि त्यामुळे हिग्ज बोसॉनची (इतर मूलकणांच्या वस्तुमानाशी संबंधित कणाची) जोडी निर्माण होण्यासारख्या, एकट्या हिग्जपेक्षा सुमारे हजारपट दुर्मीळ घटना तपासता येतील, इथवर मला मांडता येते.

अडचण पुढे आहे. जो कण टकरीच्या जागेपासून कित्येक मीटर दूर गेल्यावरच विघटित होतो, त्याची खूण, कोणत्या टकरींची नोंद ठेवायची हे क्षणात ठरवणाऱ्या पहिल्या चाळणीतच गळून पडू शकते. म्हणूनच टकरीच्या जागेपासून 480 मीटरवर ठेवलेल्या फेझर या छोट्या शोधकाने न्यूट्रिनो (पदार्थातून सहज आरपार जाणारे, क्वचितच खूण सोडणारे कण) टिपल्याची 2023 मधील घोषणा मला फार मोलाची वाटते. अशा कणांसाठी अधिक टकरी महत्त्वाच्या, की दूर ठेवलेले शोधक? जाणकारांनी कृपया उदाहरणासह समजवावे.