शब्दचर्चा : ‘अदम पैरवी खारीज’ म्हणजे केस हरलो का?

कास्तकार :
धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादाची जुनी फाइल चाळत होतो. शेवटच्या कागदावर एवढंच आहे : ‘वादी गैरहजर. अदम पैरवी खारीज.’ मोठेबाबा म्हणतात, आपण केस हरलो, वावराचा तो पट्टा गेला. पैरवी शब्द ऐकून आहे, पण ‘अदम’ काय? आणि खारीज म्हणजे फेटाळलं असंच ना?

पेशीवाला :
भाऊ, ‘अदम’ अरबी आहे, अर्थ अभाव. ‘पैरवी’ फारसी : ‘पै’ म्हणजे पाऊल, त्यावरून कुणाच्या मागोमाग जाणं, पाठपुरावा करणं. दाव्याचा पाठपुरावा झाला नाही, एवढंच हे दोन शब्द सांगतात. १९५६ पर्यंत आपण विदर्भवाले मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूरच. त्या काळचे कचेरीतले शब्द इकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. तारखेला आपण ‘पेशी’ म्हणतो ना, तसंच.

सातबारा :
पुण्याकडे ‘दावा गैरहजेरीत काढून टाकला’ म्हणतात. मला ते जास्त आवडतं, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

पेशीवाला :
बरोबर आहे. खारीज आणि फेटाळला हे शब्द लोक एकाच अर्थानं वापरतात आणि तिथंच घात होतो. पुरावा तपासून दावा फेटाळला, तर जमीन कुणाची यावर कोर्टानं मत दिलं. अदम पैरवीत खारीज झाला, तर त्यावर कोर्ट बोललेलंच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९०८ च्या कायद्यात, अशा आदेशाला हुकूमनामा, म्हणजे हक्काबद्दलचा निकाल, म्हणत नाहीत. लोक मात्र हरलो समजून घरी बसतात आणि दावा परत घेण्याच्या अर्जाची मुदत निघून जाते. ती फक्त ३० दिवसांची असते. सबळ कारण दाखवलं तर दावा मूळ नंबरवर परत घेता येतो. उशीर झाला तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज लागतो, आणि कारण कोर्टाला पटावं लागतं.

आता रोजनामा, म्हणजे कोर्टातली तारखेगणिक नोंद, बघा. त्या पेशीला प्रतिवादी हजर होता का? दोघंही नसतील तर त्याच संहितेतल्या आदेश ९ च्या नियम ३ खाली खारीज, आणि दावा लावायची मुदत संपली नसेल तर नवा दावाही लावता येतो. तो हजर आणि तुम्ही नाही, तर नियम ८. मग नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा बंद.

कास्तकार :
‘प्रतिवादी हजर’ लिहिलं आहे जी.

पेशीवाला :
मग त्या जुन्या कारणावर नवा दावा होणार नाही. पण त्यानंतर त्यानं धुरा कोरून आणखी आत घेतला असेल, तर ते नवं अतिक्रमण, दाव्याला नवं कारण. आधी भूमि अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि आदेशाची, रोजनाम्याची नक्कल काढून वकिलांना दाखवा. मोठेबाबांनाही सांगा, पट्टा त्याचा आहे असं त्या कागदात कुठंच लिहिलेलं नाही.