अनुभव धागा: कॉलेजच्या हॉकी संघाशी जडलेली निष्ठा

अमेरिकेत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेल्या आपल्यापैकी अनेकांना बर्फावरच्या हॉकीची ओळख व्यावसायिक लीगमुळे नव्हे, तर एखाद्या विद्यापीठाच्या संघामुळे झाली आहे, असे मला बोलण्याच्या ओघात वारंवार आढळले, म्हणून हा धागा काढत आहे. मी स्वतः मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा चाहता आहे. १९४८ मध्ये झालेली पहिली राष्ट्रीय स्पर्धा याच संघाने जिंकली आणि १९९८ पर्यंत त्याच्या खात्यावर नऊ विजेतेपदे जमा झाली. दहाव्याची वाट आम्ही पाहत असतानाच २०२४ मध्ये डेन्व्हर विद्यापीठाच्या संघाने आपले दहावे मिळवले. अ‍ॅन आर्बरमधील योस्ट ही आमच्या संघाच्या सामन्यांची विटांची इमारत १९२३ची आहे आणि तिच्यात १९७३ पासून बर्फ आहे. तिथे सामना पाहिलेल्या माणसाला तिथल्या आवाजाविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

मला पडलेला प्रश्न असा आहे. कॉलेजचा खेळाडू साधारणतः चार वर्षे राहतो आणि विशेष गुणवान असला तर दुसऱ्याच वर्षी एनएचएल या व्यावसायिक लीगचा करार करून निघून जातो. ज्या संघातील सगळे चेहरे इतक्या लवकर बदलतात, त्या संघावर माणसाचा जीव वर्षानुवर्षे कसा जडून राहतो? कृपया सर्वसाधारण मत न देता स्वतःचा अनुभव लिहावा, आणि शक्य तेवढा तपशिलाने लिहावा.

बॉस्टन, नॉर्थईस्टर्नची माजी विद्यार्थिनी

आमच्या शहरात बीनपॉट नावाची स्पर्धा आहे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न हे चारच संघ असतात. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी उपांत्य सामने आणि दुसऱ्या सोमवारी अंतिम सामना, असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. राष्ट्रीय क्रमवारीत तिचे वजन फारसे नाही, परंतु त्या दोन सोमवारी बॉस्टनमध्ये दुसरा विषय नसतो. मी पदव्युत्तर शिक्षणासाठी आले तेव्हा आमच्या संघाने १९८८ नंतर ती जिंकलेली नव्हती. अंतिम सामन्यापर्यंत पोहोचायचे आणि तिथे बॉस्टनच्याच दुसऱ्या कोणाकडून तरी हरायचे, हे इतक्या वेळा घडले होते की जुने माजी विद्यार्थी त्याविषयी घरातल्या जुन्या दुखण्याविषयी बोलावे तसे बोलत.

१२ फेब्रुवारी २०१८ रोजी टीडी गार्डन या बॉस्टनच्या क्रीडागृहात बॉस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध अंतिम सामना होता. अ‍ॅडम गॉडेटने तीन गोल केले, पहिल्या वर्षात शिकणारा गोलरक्षक केडन प्रिमो ठामपणे उभा राहिला, आणि आम्ही ५-२ असे जिंकलो. माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्कर जोडपे होते. शेवटच्या काही मिनिटांत विजय निश्चित दिसत असूनही त्या गृहस्थांनी हात घट्ट धरून ठेवले होते आणि भोंगा वाजेपर्यंत एकदाही टाळी वाजवली नाही. भोंगा वाजल्यावर मात्र त्यांना उभे राहणेही जड गेले. १९८८ मध्ये ते विद्यार्थी होते, असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले. त्या रात्री बर्फावर असलेल्या खेळाडूंपैकी एकही जण १९८८ मध्ये जन्मलेला नव्हता. तरीही त्यांची तीस वर्षांची प्रतीक्षा त्याच खेळाडूंनी संपवली, आणि धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला त्या दोघांकडे पाहताना मिळाले.

गॉडेटला त्याच वर्षी कॉलेज हॉकीतील सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळाला आणि तो लगेच व्यावसायिक हॉकीत गेला. संघाने पुढील दोन वर्षेही बीनपॉट जिंकली. १९१० मध्ये उघडलेले आमचे मॅथ्यूज अरीना डिसेंबर २०२५ मध्ये बंद झाले, याचे मला अजून फार वाईट वाटते. नवी वास्तू सोयींनी कितीही सज्ज असली तरी त्या उतरत्या सज्जातून थेट गोलरक्षकाच्या डोक्यावर वाकून पाहण्याची जागा पुन्हा मिळेल असे मला वाटत नाही.

रॉचेस्टर, आरआयटी

आमच्या संस्थेचे (रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे) इतर खेळ तिसऱ्या श्रेणीत आणि हॉकी मात्र पहिल्या श्रेणीत, अशी आमची वेगळीच स्थिती होती. पहिल्या श्रेणीत आम्ही २००५ मध्ये आलो, तेही खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती न देता. २०१० मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत आमची पहिलीच गाठ डेन्व्हरशी पडली. त्यांना आम्ही २-१ असे आणि दुसऱ्या दिवशी न्यू हॅम्पशायरला ६-२ असे हरवून अंतिम चार संघांत गेलो. डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर विस्कॉन्सिनने आमचा ८-१ असा पराभव केला. त्या पराभवाने मला दुःख झाले नाही असे मी म्हणणार नाही. मात्र आठ गोल झाल्यानंतरही नारिंगी कपड्यांतला आमचा कोपरा उभा राहून गातच होता, आणि मी त्याच कोपऱ्यात होतो. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारा मुलगा चौथ्या फळीत खेळत असे. ही जवळीक व्यावसायिक संघ कधीही देऊ शकणार नाही.

इथाका, कॉर्नेलमध्ये संशोधन केलेला एक चाहता

लायना रिंक या कॉर्नेलच्या हॉकीगृहात विद्यार्थी बसत नाहीत. संपूर्ण सामना उभ्यानेच पाहतात. पाहुण्या संघाची ओळख करून दिली जात असताना सगळे विद्यार्थी वर्तमानपत्रे उघडून वाचण्यात गढल्याचे दाखवतात, आणि आपल्या खेळाडूंची नावे सुरू होताच ती वर्तमानपत्रे हवेत उडतात. हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात बर्फावर मासे फेकण्याची प्रथा सत्तरच्या दशकापासून आहे. ती मला पटत नाही, हे इथे नोंदवतो. त्यामुळे खेळ थांबतो, आणि इशाऱ्यानंतरही फेकाफेक चालूच राहिली तर पंच यजमान संघालाच पेनल्टी देऊ शकतात. प्रेमापोटी आपल्याच संघाला दोन मिनिटे एक खेळाडू कमी करून खेळायला लावणे हे कोणत्या निष्ठेत बसते, ते मला उमगलेले नाही.

तिथे जाणारा प्रत्येक जण १९७० विषयी ऐकतो. त्या वर्षी कॉर्नेलने २९ पैकी २९ सामने जिंकून विजेतेपद मिळवले, आणि एकही पराभव किंवा बरोबरी नसलेला दुसरा विजेता आजवर झालेला नाही. त्यानंतर मात्र राष्ट्रीय विजेतेपद इथाकाला आले नाही. २०१९-२०च्या मोसमात ते येईल असे आम्हांला मनापासून वाटत होते. २३ विजय, २ पराभव आणि ४ बरोबरी अशी संघाची कामगिरी होती आणि क्रमवारीच्या मतदानात तो देशात पहिला होता. महिलांचा संघही पहिल्याच क्रमांकावर होता. १२ मार्च २०२० रोजी साथीमुळे सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या. हरलो असतो तर निदान त्याविषयी बोलता आले असते, एखादी चूक, एखादा पंचांचा निर्णय उगाळता आला असता. इथे बोलण्यासारखे काहीच उरले नाही.

पुढच्या वर्षी आयव्ही लीगने, म्हणजे कॉर्नेल ज्या विद्यापीठांच्या क्रीडागटात आहे त्याने, हिवाळी खेळांचा संपूर्ण मोसमच रद्द केला. म्हणजे २०२० मध्ये शेवटच्या वर्षाला असलेले खेळाडू ती राष्ट्रीय स्पर्धा न खेळताच पदवीधर झाले, आणि त्यांच्या मागच्या तुकडीलाही कॉर्नेलमधला आपला शेवटचा मोसम मिळाला नाही. २०२१च्या हेमंतात पहिला सामना झाला तेव्हा विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी लायनामध्ये कधीच पाऊल ठेवलेले नव्हते. कोणत्या क्षणी काय ओरडायचे, गाण्यातला कोणता शब्द जोरात म्हणायचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही जे थोडे जुने लोक होतो त्यांनी ते शिकवले, आणि मला आजवर कोणतेही शिकवणे इतके निकडीचे वाटलेले नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये लेक प्लॅसिडला संघाने सलग दोनदा ईसीएसी या आपल्या परिषदेची (संघांच्या गटाची) स्पर्धा जिंकली तेव्हा आमच्याकडून ते घोष शिकलेलीच मुले पुढच्या रांगांत होती.

मिनियापोलिस

मी थोडक्यात लिहितो, कारण विस्ताराने लिहिणे मला अजूनही जमत नाही. ८ एप्रिल २०२३, टँपा, अंतिम सामना. मिनेसोटा २-० असे पुढे होते. प्रतिस्पर्धी क्विनिपियाकने एक गोल परत केला आणि शेवटची तीनेक मिनिटे उरली असताना गोलरक्षक काढून घेऊन, जादा आक्रमक आणून बरोबरी साधली. जादा वेळ सुरू झाल्यावर अवघ्या दहाव्या सेकंदाला सामना संपला. आमचे शेवटचे विजेतेपद २००३चे. पुढच्या मोसमाची तिकिटे मी त्याच आठवड्यात घेतली.

मॅडिसन, विस्कॉन्सिन: एक आई

आतापर्यंत बहुतेकांनी पुरुषांच्याच संघांविषयी लिहिले आहे, म्हणून मला हे लिहिणे आवश्यक वाटते. आमच्या विद्यापीठाच्या महिला संघाने २०२५ मध्ये आठवे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन म्हणजे १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघावर दोन गोल करणारे तेच खेळाडू. ला बान अरीना लहान, सव्वादोन हजार आसनांचे आहे, त्यामुळे काचेलगत बसले की स्केटच्या पात्याने बर्फ कापल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. माझी मुलगी प्रथम आली तेव्हा तिला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, दिसतच नव्हता. मी तिला पकाकडे न पाहता खेळाडूंच्या खांद्यांकडे पाहायला सांगितले, आणि दोन-तीन सामन्यांत तिला खेळ दिसू लागला. नवीन प्रेक्षकांनी हे करून पाहावे.

२०२५चा अंतिम सामना ओहायो स्टेटविरुद्ध मिनियापोलिसला झाला. आम्ही २-३ असे मागे होतो. गोलसमोरच्या निळ्या अर्धवर्तुळात ओहायोच्या खेळाडूने पकावर हात ठेवल्याची तक्रार आमच्या बाजूने झाली, पंचांनी चित्रफीत पाहिली, आणि शेवटची एकोणीसेक सेकंद उरलेली असताना पेनल्टी शॉट, म्हणजे एकट्या खेळाडूला फक्त गोलरक्षकासमोर गोल करण्याची संधी, दिला. कर्स्टन सिम्सने तो मारला आणि बरोबरी झाली. जादा वेळेतला विजयी गोलही तिनेच केला. तो शॉट घेण्यापूर्वी ती मध्यरेषेवर एकटी उभी होती तेव्हा माझी मुलगी मला म्हणाली, “आई, तिला भीती वाटत नसेल का गं?” मी म्हणाले, वाटत असणारच. त्यानंतर तिने स्वतः स्केटिंग शिकायचा हट्ट धरला. महिलांच्या सामन्यांना तिकीट स्वस्त असते, रांग लहान असते आणि खेळ उत्तम असतो. तरीही आपल्यापैकी फार थोडे लोक तिथे दिसतात, याची मला खरोखर खंत वाटते.

हंट्सव्हिल, अलाबामा

मी ज्या संघाचा चाहता आहे तो संघ आता अस्तित्वात नाही.

अलाबामासारख्या उष्ण राज्यात कॉलेज हॉकी असणे अनेकांना विचित्र वाटते. आमचे शहर अवकाश संशोधनाचे आहे, अभियंते उत्तरेकडून येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची हॉकीही आली. आमच्या विद्यापीठाने १९९६ आणि १९९८ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. पहिल्या श्रेणीत गेल्यावर २००७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत नोत्र दामसारख्या बलाढ्य संघाला दुसऱ्या जादा सत्रापर्यंत झुंजवून आम्ही २-३ असे हरलो. आमच्याकडे त्या पराभवाविषयी आजही अभिमानाने बोलले जाते. अडचण होती ती अंतराची. आमच्या परिषदेतील संघ मिशिगन, मिनेसोटा आणि थेट अलास्कापर्यंत पसरलेले होते, आणि दर दौऱ्याचा खर्च मोठा होता.

मे २०२० मध्ये संघ बंद करण्याचे जाहीर झाले. माजी खेळाडू आणि चाहते यांनी काही दिवसांतच पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली आणि निर्णय मागे घेतला गेला. मीही माझ्या ऐपतीप्रमाणे दिले. परंतु आमच्या परिषदेतील बहुतेक संघांनी बाहेर पडून वेगळी परिषद स्थापन केली, आम्हांला कोणत्याही परिषदेने घेतले नाही, आणि मे २०२१ मध्ये संघ थांबला. पैसा गोळा करता येतो. खेळायला प्रतिस्पर्धी गोळा करता येत नाहीत. संघ थांबल्यानंतरही आमचा गट सुटलेला नाही. शनिवारी संध्याकाळी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो आणि दुसऱ्याच संघांचे सामने पाहतो, निळे जर्सी घालून. कोणासाठी ओरडायचे यावर एकमत होत नाही.

अँकरेज, अलास्का

हंट्सव्हिलच्या मित्रांनो, आमचाही संघ २०२० मध्ये असाच बंद ठरवला गेला होता. आमच्यापुढे तीस लाख डॉलरचे लक्ष्य ठेवले गेले, ते ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाले आणि २०२२ मध्ये संघ पुन्हा बर्फावर उतरला. तुमच्या गटाने नावनोंदणी आणि पत्ते जपून ठेवावेत, एवढीच विनंती. आमच्या वेळी पहिल्या आठवड्यात सर्वांत उपयोगी पडली ती जुन्या चाहत्यांची यादीच.

डेन्व्हर

धागाकर्त्यांना माझ्या शहराचा राग असणे साहजिक आहे. २०२४च्या अंतिम सामन्यात बॉस्टन कॉलेजला आम्ही एकही गोल करू दिला नाही, आणि मला त्या २-० चे जितके कौतुक आहे तितके मोठ्या गोलसंख्येच्या कोणत्याही विजयाचे नाही. मला मात्र पुढचे लिहायचे आहे. कॅनडाच्या मेजर ज्युनियर या तरुण खेळाडूंच्या लीगमध्ये खेळलेल्या मुलांना पूर्वी कॉलेज हॉकीचे दार बंद होते. २०२५च्या मोसमापासून ते उघडले आहे. खेळाडू अधिक चांगले येतील, आणि मला भीती अशी आहे की ते अधिक लवकर जातीलही. चार वर्षांऐवजी एकच वर्ष थांबणाऱ्या मुलाचे नाव आम्ही पाठ करायचे का, यावर आमच्या रांगेत प्रत्येक मध्यंतरात वाद होतो. मी करतो. सप्टेंबरात नवी यादी आली की क्रमांक, गाव आणि कोणत्या हाताने खेळतो ते मी लिहून काढतो, आणि पहिल्या शुक्रवारपर्यंत सगळे तोंडपाठ असते. यंदा यादीत नवी नावे नेहमीपेक्षा पुष्कळ आहेत.