‘स्वीट वॉटर’ म्हणजे सरबत नव्हे

प्रश्न : आमच्या बेळगावात लग्न ठरलं की आचारी विचारतो, “स्वीट काय धरायचं?” कुणी कुंदा म्हणतं, कुणी मांडे. हाच ‘स्वीट’ डोक्यात ठेवून लेकानं इंग्रजीच्या पेपरात ‘स्वीट वॉटर’चा अर्थ ‘सरबत’ लिहिला. त्याला कसं समजवायचं?

उत्तर : विहीर दाखवा की! ‘हिचं पाणी गोडं आहे’ म्हणतो तेव्हा तिच्यात कुणी साखर ओतलेली नसते. पाणी खारट नाही, मचूळ नाही, एवढंच सांगायचं असतं. कन्नडवालेही ‘सिही नीरू’ म्हणतात ते ह्याच अर्थानं. आपलं गोडं वरणही तसंच, फोडणी न दिलेलं.

इंग्रजी ‘स्वीट’मध्ये हा ‘नसण्याचा’ अर्थ पुष्कळ ठिकाणी भेटतो. अमेरिकेत ‘स्वीट बटर’ म्हणजे बिनमिठाचं लोणी. ‘स्वीट क्रूड’ म्हणजे गंधक कमी असलेलं कच्चं खनिज तेल, साधारण ०.५ टक्क्याच्या आत. वाइन स्वीट नसेल तर ती ‘बिटर’ होत नाही, ‘ड्राय’ होते. ‘स्वीटब्रेड’नं तर हद्दच केली. ना गोड, ना ब्रेड. वासराच्या किंवा कोकराच्या गळ्याजवळची ग्रंथी, नाहीतर स्वादुपिंड. आणि ह्या ‘स्वादुपिंडा’तला संस्कृत ‘स्वादु’ हा ‘स्वीट’चा सख्खा भाऊबंद, मूळ एकच. ‘स्वादु’ म्हणजे गोड, रुचकर.

आचाऱ्याचा ‘स्वीट’ मात्र आपला. लंडनच्या दुकानात ‘स्वीट्स’ मागाल तर गोळ्या-चॉकलेटं हातात पडतील, कुंदा नव्हे.

माणसाला ‘स्वीट’ म्हटलं की बहुतेक वेळा स्वभावाचं कौतुक असतं. आपली ‘गोड पोरगी’ दिसण्यावरही जाते. ‘स्वीट-टॉक’ म्हणजे लाडीगोडी लावून काम काढून घेणं. तिथं आपला गोडबोल्या चपखल बसतो.

पुरवणी, दुसऱ्या वाचकाकडून : सीमाभागात राहणाऱ्यांनी एक सांभाळावं. कन्नड पेपरवाले पगारवाढीलाही ‘सिही सुद्दी’ छापतात. इंग्रजीत ती साधी ‘गुड न्यूज’, ‘स्वीट’ नव्हे. पण तेच शब्दाला शब्द मराठीत आणून ऑफिसात “माझ्याकडं गोड बातमी आहे” म्हणालात, तर पगाराचं राहील बाजूला. बायका आधी विचारतील, “वहिनींना कितवा?”