दम्याचा पंप थांबवू नका
कोरोनाच्या भीतीने, 'स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती जाते' म्हणून तुम्ही आईचा दम्याचा पंप, म्हणजे स्टिरॉइडचा इनहेलर, बंद केल्याचं वाचलं. कृपया आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट श्वासनलिकेत जातो, गोळ्यांसारखा अंगभर नाही. सौम्य, आटोक्यातल्या दम्याने कोरोना फारसा बळावत नाही. ब्रिटनच्या २०२० मधल्या 'ओपनसेफली' अभ्यासात मृत्यूचा धोका स्पष्ट वाढलेला दिसला तो नुकत्याच स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागलेल्यांत, म्हणजे ज्यांचा दमा आधीच बिघडला होता त्यांच्यात. उलट ऑक्सफर्डच्या चाचणीत पंपातलंच ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड कोरोनाच्या सुरुवातीलाच ओढलेल्यांपैकी कमी जणांना तातडीच्या उपचारांची गरज पडली. बाबांचा पंप आम्ही दोन्ही लाटांत एक दिवसही चुकू दिला नाही. आणि हो, शक्य असेल तर नेब्युलायझरऐवजी (औषधाचे तुषार करणाऱ्या यंत्राऐवजी) पंपाला स्पेसर, म्हणजे औषध ओढायची पोकळ नळी, जोडून वापरा, खोलीत तुषार कमी पसरतात.