आई घड्याळ घालत नाही, गादीखालचा सेन्सर घ्यावा का?

माणगंगा_काठचा
मंडळी, आई ७६ वर्षांची, साताऱ्याला एकटी राहते आणि मी पुण्यात. बीपीची गोळी चालू आहे, मागच्या वर्षी एकदा चक्कर येऊन पडली तेव्हापासून जीव टांगणीला. स्मार्टवॉच दिलं तर दोन दिवस घातलं आणि मग ते कपाटात गेलं, म्हणे हात खाजतो आणि रोज चार्जिंगला कोण लावणार. आता कळलं की गादीखाली घालायची चादरीसारखी पट्टी मिळते, अंगाला काही लावायचं नाही, झोपल्या झोपल्या ठोके आणि श्वास मोजते. खरंच चालतं का नुसती जाहिरात? गादी कापसाची आहे, तीपण जुनी (पिंजारी मिळत नाही हा वेगळा विषय).

ठोकेबाज
चालतं, आणि कल्पना नवी नाहीये. हृदय दर ठोक्याला रक्त जोरात फेकतं तेव्हा आख्खं शरीर बारीकसं हलतं, बंदूक उडाली की खांद्याला दणका बसतो ना तसंच. १८७७ मधे गॉर्डन नावाच्या एकाने बघितलं होतं की स्प्रिंगच्या वजनकाट्यावर माणूस स्तब्ध उभा असला तरी काटा नाडीबरोबर हलतो. याला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. बंगळुरूच्या डोझी कंपनीची पट्टी याच तत्त्वावर चालते. श्वासाची लाट मोठी आणि संथ, मिनिटाला साधारण १२ ते २०, ठोक्यांची बारीक आणि जलद, सॉफ्टवेअर दोन्ही वेगळ्या काढतं. कूस बदलली की तेवढ्या वेळाचं रीडिंग गेलं. ऑक्सिजन मात्र नुसत्या हालचालीवरून मोजता येत नाही, त्याला बोटातून लाल आणि इन्फ्रारेड उजेड सोडावा लागतो. आणि बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं यंत्र ठेवाच, ते या पट्टीच्या भरवशावर सोडू नका.

सूत_गिरणी
इचलकरंजीचा आहे, कापडातलं थोडं कळतं म्हणून लिहितो. वरच्यांनी सांगितलं ती पट्टी कापडाच्या खोळीतला सेन्सर आहे, कापडच सेन्सर असणं हा पुढचा प्रकार. त्यात नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा मुलामा देतात आणि तो धागा विणून इलेक्ट्रोड (हृदयाची वीज टिपणारा तुकडा) करतात, मग खुर्चीच्या पाठीला किंवा गाडीच्या सीटला लावून शर्टावरूनच ईसीजी घेता येतो, जर्मनीत आखनच्या विद्यापीठात अशी खुर्ची केलेली आहे. अडचण आपल्या कपड्यांची! सुती कपड्यावरून बरं येतं, पण पॉलिस्टर घासलं की स्थिर वीज तयार होते आणि सिग्नलचा पार चिवडा होतो. शिवाय ब्लीचमधे धुतलं की चांदी गेलीच. घरात धुणं कोण कसं धुतं हे प्रयोगशाळेत कोण बघतंय.

कोल्हापुरी_लेक
आमच्याकडे बाबांच्या गादीखाली वर्षभर आहे (कंपनीचं नाव नको). दादा, पट्टी बरोबर छातीच्या खाली आली पाहिजे, आमची सरकून पायाशी गेली आणि आठवडाभर आम्ही उगाच घाबरत होतो. कापसाच्या गादीला अडचण नाही आली, पण गुठळ्या असतील तिथे नको. नातू कुशीत झोपला त्या रात्रीचे आकडे विचित्र. वायफाय गेलं की ॲप गप्प, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. आणि तुमची खरी भीती पडण्याची आहे ना? आई मोरीत पडली तर ही पट्टी फक्त सांगणार की पलंगावर कोणी नाही. फायदा एकच झाला, बाबांचा झोपेतला श्वास आठवडाभर चढता दिसला, डॉक्टरांकडे नेलं तर छातीत कफ निघाला.

माणगंगा_काठचा
आभार मंडळी. मोरीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, तिथे आधी दांडा बसवतो. आईला फोन केला, म्हणाली घाल बाबा पट्टी, पण मी रात्री किती वेळा उठते ते सुनेला दिसता कामा नये. ताई, ॲपमधे ते लपवता येतं का?

कोल्हापुरी_लेक
आमच्यात नाही येत. लॉगिन फक्त तुमच्या फोनवर ठेवा.