पाणी तपासायच्या किटमध्ये क्लोरीन ३ दाखवतंय, तरी स्विमिंग पूलचं पाणी हिरवं का होतंय?

नवा_पूलवाला
नमस्कार मंडळी, तीन महिन्यांपूर्वी घर घेतलं आणि त्याच्यासोबत पूल पण आला. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १ मीटर खोल आणि दुसऱ्या टोकाला २. आधीच्या मालकांनी जाताना क्लोरीनच्या मोठ्या गोळ्यांची बादली दिली नि सांगितलं की पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटरमध्ये गोळ्या टाकत राहा, बाकी काही करावं लागत नाही. मी तेच करत आलो. पहिले दोन महिने तळाच्या फरशीची रेघ न रेघ दिसत होती, पण आता पंधरा दिवस झाले भिंतीला हात लावला की बुळबुळीत लागतं, पाणी हिरवट गढूळ झालंय, क्लोरीनचा वास तर नाकात जातो आणि मुलं बाहेर आली की डोळे लालभडक. दुकानदाराने शेवाळ मारायचं औषध दिलं, दोन दिवस बरं वाटलं, परत जैसे थे. किटमध्ये क्लोरीन ३ पीपीएम, पीएच ७.२, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरणारी क्षारता) ७०. सगळं तर बरोबर आहे ना? मग चुकतंय कुठे?

खोलपाणी
दादा आधी दोन गोष्टी सांगा. तुमच्या किटमध्ये क्लोरीनचा रंग पिवळा येतो की गुलाबी? आणि स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अॅसिड किती आहे? आणि तोवर मुलांना पाण्यात उतरू देऊ नका प्लीज. डोळे लाल होतात हे तर आहेच पण तळ दिसत नसेल तर खाली कोणी गेलेलं वरून कळत नाही, ही भीती जास्त मोठी आहे.

नवा_पूलवाला
मुलांना बंद केलं लगेच. रंग पिवळा येतो. स्टॅबिलायझर कधी मोजलंच नव्हतं, आज गुलाबीवालं चांगलं किट आणलं. त्यात मोकळं, म्हणजे अजून कामाचं, क्लोरीन १.५ आणि एकूण ३. स्टॅबिलायझरच्या नळीत काळा ठिपका १०० च्या रेघेच्या आधीच दिसेनासा झाला, म्हणजे किती धरायचं?

खोलपाणी
१०० च्या पुढे ती नळी मोजू शकत नाही. पूलचं पाणी अर्धं आणि नळाचं अर्धं मिसळा, परत मोजा, येईल त्याची दुप्पट करा.

नवा_पूलवाला
७५ आलं. म्हणजे १५०??

खोलपाणी
हो, १५०. दुखणं सापडलं.

आता नीट सांगतो कारण हे गोळीच्या डब्यावर कोणी समजावून लिहीत नाही. त्या गोळ्या ट्रायक्लोरच्या, त्यात क्लोरीन असतं तसं स्टॅबिलायझर पण असतं. क्लोरीन उन्हाने आणि घाणीने संपून जातं पण स्टॅबिलायझर पाण्यातच राहतं, बाष्पीभवनाने पण जात नाही, पाणी बदललं तरच कमी होतं. तुमचा पूल ८ गुणिले ४ गुणिले सरासरी १.५ म्हणजे ४८ घनमीटर, ४८ हजार लिटर. २०० ग्रॅमची एक गोळी यात साधारण २ पीपीएम स्टॅबिलायझर सोडते. आठवड्याला चार गोळ्या धरा, महिन्याला ३० च्या वर गेलं, आणि आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं टाकलेलं वेगळंच.

थोडं स्टॅबिलायझर हवंच बरं का, ३० ते ५० पीपीएम. ते नसेल तर कडक उन्हात क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक सगळं उडून जातं. पण ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि जास्त झालं की इतकं धरतं की क्लोरीन असून काम करत नाही. अंदाजाला सोपं गणित, मोकळं क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी पाहिजे. १५० ला ते ११ च्या वर जातं आणि तुमच्याकडे आहे १.५. शेवाळाला रान मोकळं. म्हणून आधी बरंच पाणी बदलून स्टॅबिलायझर खाली आणावं लागेल.

दुसरं म्हणजे पिवळ्या रंगाचं किट एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं अर्धं म्हणजे १.५ घाम, लघवी असल्या घाणीला चिकटून निकामी झालेलं आहे, त्याला क्लोरामाइन म्हणतात. तो उग्र वास आणि डोळ्यांची आग त्याचीच. लोकांना वाटतं क्लोरीन जास्त झालं म्हणून वास येतो, खरं तर कामाचं क्लोरीन कमी पडलेलं असतं. हे चिकटलेलं क्लोरीन ०.५ च्या आत हवं.

आणि तुमची अल्कलिनिटी पण ७० नाहीये. त्या आकड्यात स्टॅबिलायझरचा वाटा असतो, साधारण त्याचा तिसरा हिस्सा वजा करा. ७० मधून ५० गेले, राहिले २०. म्हणून आत्ता अॅसिडला अजिबात हात लावू नका, पीएच एकदम खाली कोसळेल.

पोहणारा_काका
एवढं पाणी कशाला फेकायचं पण? भरपूर क्लोरीन मारा एकदाच, शेवाळ मरेल, विषय संपला. माझ्याकडे दर वर्षी असंच करतो.

खोलपाणी
काका, तुमचं स्टॅबिलायझर ४० असेल तर चालतं, माझंही चालतं. शेवाळ मारायला क्लोरीन स्टॅबिलायझरच्या ४० टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं. १५० ला ते ६० पीपीएम होतं. १ पीपीएम म्हणजे हजार लिटरला १ ग्रॅम, म्हणजे या पूलला जवळपास २.९ किलो क्लोरीन, १० टक्क्यांचं लिक्विड घेतलं तर २९ लिटर, ते पण फक्त पहिल्या दिवशी. स्टॅबिलायझर ४० वर आणलं तर १६ पीपीएम पुरतं, साडेसात-आठ लिटर. पाणी टाकताना माझाही जीव कासावीस होतो, पण इथे दुसरा इलाज नाही.

अर्धं पाणी काढा, भरा, दिवसभर पंप फिरवा, परत अर्धं काढा. १५० चं ७५, मग ३७-३८. पूर्ण रिकामा मात्र करू नका, जमिनीखाली पाणी वर असेल तर रिकामा पूल खालून उचलला जातो आणि लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकच्या अस्तराचा, असेल तर लायनर आकसतं.

सुलभाताई
एक कळकळीने सांगते. जुन्या गोळ्यांसोबत आता लिक्विड किंवा पावडर येईल, ती कधीच एकत्र करू नका. ट्रायक्लोर म्हणजे गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट म्हणजे पावडर एकत्र आलं तर पेट घेतं, स्फोटसुद्धा होतो, म्हणून पावडरचा चमचा गोळ्यांच्या बादलीत अजिबात जाऊ देऊ नका. मी एकदा बादलीत लिक्विड क्लोरीनचा थोडा तळ राहिलेला असताना वरून अॅसिड ओतलं. मोकळ्या अंगणात होते तरी पिवळट वाफ अशी अंगावर आली की श्वासच घेता येईना, दोन दिवस छाती भरलेली होती. बादल्या वेगळ्या ठेवा, अॅसिड नेहमी पाण्यात ओता, अॅसिडमध्ये पाणी नाही, आणि चष्मा-हातमोजे घाला.

नवा_पूलवाला
खूप आभार ताई, दोन बादल्या आणून त्यांच्यावर नावं लिहिली.

अपडेट देतो. दोनदा अर्धं पाणी बदललं, स्टॅबिलायझर ४० आलं. लिक्विडने क्लोरीन १६ वर नेलं आणि दिवसातून दोन-तीनदा मोजून तिथेच ठेवलं, भिंती ब्रशने घासल्या, सँड फिल्टरचं प्रेशर वाढलं की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतला. तिसऱ्या दिवशी हिरवं जाऊन दुधासारखं झालं, पाचव्या दिवशी तळ दिसला. काल रात्रीपासून सकाळपर्यंत क्लोरीन फक्त अर्धा पीपीएम उतरलं, चिकटलेलं ०.२. अल्कलिनिटी ९०. फक्त पीएच आता तीन-चार दिवसांत ७.६ वरून ७.९ होतोय, पूर्वी तर असं नव्हतं.

खोलपाणी
वा, रात्रीची घट १ च्या आत आली म्हणजे शेवाळ मेलं! क्लोरीन ४ वर उतरू द्या, मग मुलांना सोडा. पीएचचं म्हणाल तर पूर्वी आम्लधर्मी गोळ्या त्याला खाली ओढत होत्या, आता ते बंद झालं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच वर जातो. ८ च्या आसपास गेला की क्लोरीनचा जोर बराच कमी होतो, म्हणून ७.८ ला पोचला की पाव लिटर अॅसिड पंप चालू ठेवून रिटर्नसमोर (फिल्टरचं पाणी जिथून पूलमध्ये परत येतं तिथे) हळूहळू ओता, तासाने मोजा, लागलं तर परत पाव. प्रत्येक वेळी अल्कलिनिटी थोडी उतरेल, ७० जवळ आली की पीएच चढायचा वेग आपोआप मंदावेल. रिटर्नचं तोंड वर आहे का तुमचं, पाणी पृष्ठभागावर उसळतंय का?

नवा_पूलवाला
हो, वरच आहे, उसळतं चांगलं.

खोलपाणी
मग ते थोडं खाली वळवा, उसळलं की कार्बन डायऑक्साइड लवकर उडतो. आठवड्याने पीएच सांगा.